हसरी आजी, फक्त बाराशे डबे

विलास पार्टेने पिशवीतून एक डबा काढला आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"बाई, चष्मा लावा आन् बघा, हे कोण हाय ते."

मी उभीच होते. ग्रामसभा शाळेच्या वर्गात भरली होती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, दारात उभी राहिलेली तरणी पोरं वेगळी. विलासला आमच्या मोरखिंडीच्या हद्दीत, रस्त्याला लागून, हॉटेल आणि परमिट रूम काढायची होती. त्याला ग्रामसभेचा ठराव लागत होता आणि तो होऊ द्यायचा नाही म्हणून मी नुकतीच तावातावाने बोलले होते. सात वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी मतदान करून आडव्या बाटलीला कौल दिला आणि याच विलासचं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. त्या वेळी पुढं मीच होते. मी गावची अंगणवाडी सेविका. वर्गात बसलेल्या निम्म्या लोकांना मी खिचडी भरवलेली. मला सगळे बाईच म्हणतात.

मी चष्मा लावला. डबा बियरचा होता. त्यावर रंगीत स्टिकर आणि स्टिकरवर मी. डोक्यावर पदर, डोळे बारीक झालेले, तोंड उघडून मनापासून हसतेय. आणि माझ्या छातीपाशी एका हातात फेसाने भरलेला बियरचा पेला.

त्या हाताकडं मी किती वेळ बघत राहिले मला सांगता येणार नाही. वर्गात हशा उठला होता, तो मला जरा उशिराच ऐकू आला.

"पुतण्या पुण्यात हॉटेलात मॅनेजर हाय माझा," विलास सांगत होता. "त्याला कंपनीनं नमुना धाडलाय. अजून बाजारात यायचीय. विंग्रजीत काय लिवलंय ते वाचून दावतो. आजीच्या हातची नाचणीची बियर. तीन पिढ्यांची गुप्त कृती. फकस्त बाराशे डबे, परत कधीच न्हाई. आता बोला. गावानं पाणी प्यायचं आन् बाईंनी पुण्यात बियर विकायची?"

"मला यातलं काही माहीत नाही," मी म्हटलं.

"तोंड तर तुमचंच हाय."

"तोंड माझंच आहे. पण मी दिलेलं नाही."

सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. बाहेर पडताना माझ्या मागून कुणीतरी बाई दुसरीला म्हणाली, "न्हाई म्हणली तरी काय तरी दिलं असंलच की." आवाज ओळखीचा होता. तिच्या नवऱ्याला दोनदा गटारीतून उचलून आणायला मी तिच्याबरोबर गेलेली. मी मागं वळून बघितलं नाही. घरी जाऊन पिशवी भरली आणि दुपारची पुण्याची एसटी धरली.

माझा मुलगा उमेश चाकणला कंपनीत, राहायला धायरीला. दार सुनेने उघडलं. स्वप्नाली तशी गुणी पोर, पण भित्री. कुणी मोठ्याने बोललं की तिचा चेहरा पडायचा. मला बघून ती म्हणाली, "अहो आई, मी तुम्हाला फोनच करणार होते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे विचारायला लागलेत."

तिने मोबाईल दाखवला. बियर अजून कुणी चाखलेली नव्हती, पण फोनवर गोंधळ मोठा होता. कंपनीचं नाव खडीसाखर. आधी नुसते माझे डोळे दाखवले होते, खाली लिहिलेलं, कोण आहे ही आजी? मग दुसऱ्या दिवशी नाक. मग ते हसू. मग, रविवारी दुपारी बारा वाजता, एकदाच. खाली लोकांच्या रांगा. कुणी म्हणे मी रजा टाकली, कुणी म्हणे माझ्यासाठी दोन डबे घ्या, काय लागतील ते देतो. एकाने लिहिलं होतं, माझ्या आजीची आठवण आली, डोळ्यांत पाणी आलं.

"बियरची उघड जाहिरात करता येत नाही ना," स्वप्नालीने समजावलं, "म्हणून कार्यक्रमाचं नाव 'आजीचं अंगण' ठेवलंय. गाणी, खाणं वगैरे. पण सगळ्यांना माहितीय कशासाठी जायचंय."

"यांचा फोन नंबर आहे का?"

"आहे. पण आई, भांडू नका हं. नीट बोललात तर काहीतरी देतील पण."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो, निनाद बोलतोय."

"मी हसरी आजी बोलतेय."

पलीकडं हसण्याचा आवाज. "कोण रे? पूर्वा, तू का?"

"मालन धनावडे. मुक्काम मोरखिंड, तालुका जावळी. तुमच्या डब्यावर आहे ती."

"एक मिनिट. तुम्ही खऱ्या आहात?"

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"नाही, म्हणजे, तसं नाही. आम्ही तो फोटो एका वेबसाइटवरून विकत घेतलाय. तिथं तुमचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, आनंदी ग्रामीण वृद्धा."

तो फोटो निघाला तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. रोज टेकडी चढून वरच्या वाडीतल्या पोरांना पोषण आहार पोहोचवत होते. पण ते जाऊ दे.

"मी बियर बनवत नाही," मी म्हटलं. "माझ्या तीन पिढ्यांत कुणी बनवली नाही. फोटो काढून टाका."

"आजी, अहो डबे तयार आहेत. स्टिकर लागलेत. आणि कायद्याने आमचं सगळं बरोबर आहे, पैसे देऊन घेतलाय फोटो." मग त्याचा आवाज बदलला, एकदम उजळला. "पण आजी, तुम्ही रविवारी या ना! तुम्ही स्वतः आलात तर लोक वेडे होतील. तुमचा सत्कार करू, पैठणी देऊ. पुढच्या डब्यांवर तुमचा वाटा ठेवू, मी बोलतो सरांशी. गाडी पाठवतो."

स्वप्नाली मला खुणेने हो म्हणा म्हणत होती. तिच्या मनात पैठणी होती असं नाही. तिला फक्त भांडण नको होतं.

उमेश रात्रपाळीला जायच्या गडबडीत होता. त्याच्या ओळखीच्या वकिलाला त्याने विचारून घेतलं. नोटीस देता येईल, म्हणाला वकील, दोन-तीन वर्षांत निकाल लागेल. रविवार तर चार दिवसांवर होता.

"येते म्हणावं," मी सांगितलं. "गाडी नको. आम्ही आमचं येऊ."

कार्यक्रम मुंढव्याच्या पुढं एका जुन्या गोदामाच्या आवारात होता. रिक्षातून उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. रांग फाटकातून बाहेर येऊन कोपऱ्यावरून वळलेली. काही जण पहाटेपासून खुर्च्या टाकून बसलेले. बहुतेक चांगल्या घरची, शिकलेली, हसतमुख पोरं. आणि निम्म्यांच्या तोंडावर मी.

पुठ्ठ्याचे मुखवटे केले होते माझ्या चेहऱ्याचे, डोळ्यांना भोकं पाडून. जीनची पँट घातलेली मी. दाढीतून डोकावणारी मी. दोन मी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतायत. फाटकापाशी माझा पुरुषभर उंच पुठ्ठ्याचा पुतळा, हातात तो पेला. स्वप्नालीने माझा दंड घट्ट धरला.

फाटकावरच्या पोराने मला अडवलं. "आजी, पास?"

मी पुतळ्याकडं बोट केलं. त्याने पुतळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा म्हणाला, "हो, पण पास लागेल."

स्वप्नालीने फोन केला तसा निनाद पळत आला. पंचवीस-सव्वीसचा, काडीसारखा पोरगा, गळ्यात ओळखपत्र, दोन दिवस झोपला नसावा असे डोळे. आल्या आल्या तो वाकून पाया पडला. देखावा म्हणून पडला असं मला नाही वाटलं. त्याने सावलीत खुर्ची आणली, स्वतः जाऊन पाणी आणलं.

"आजी, आधी स्टेजवर दोन शब्द बोलायचे. मग त्या टेबलावर बसायचं. लोक डबा घेऊन येतील, तुम्ही त्यावर सही करायची. बास. तुमची सही असली की त्या डब्याची किंमतच वेगळी."

"का?"

"कारण सगळ्यांकडं नसणार तो."

"आत बियर चांगली आहे का?"

तो जरा गोंधळला. "चांगलीच आहे. पण आजी, खरं सांगू? चांगली बियर पुण्यात दहा ठिकाणी मिळते. लोक बियरसाठी उन्हात उभे राहत नाहीत. जे संपणार आहे त्यासाठी उभे राहतात."

पोरगं हुशार होतं.

स्टेजवर गेले. माझं नाव पुकारल्यावर जो ओरडा झाला तसा माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी माईक हातात घेतला. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला गर्दीची भीती नसते.

"मी मालन धनावडे," मी म्हटलं. "मी बियर बनवत नाही. हे डब्यावर लिहिलंय ते सगळं खोटं आहे."

टाळ्या.

"माझ्या गावातलं दारूचं दुकान मी बंद पाडलंय. आडव्या बाटलीला मतं मागत मी घरोघर फिरलेय."

शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "आजी, एक नंबर!" माझेच मुखवटे वर करून ते नाचवायला लागले.

"ऐका. मला न विचारता माझा फोटो लावलाय यांनी. त्यामुळं माझ्या गावात मला लोक हसतायत."

"आजी! आजी! आजी!"

मी जितकं खरं बोलले तितके ते खूश झाले. सगळे फोन वर. मी रागावले की त्यांना अजून गोड वाटायचं. मी माईक खाली ठेवला. बाजूला निनाद एका फोनवाल्या पोरीला सांगत होता, "लिही, लिही. दारूबंदीवाल्या आजीची पहिली बियर. अरे, हे आपल्याला सुचलंच नसतं!" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी, कमाल केलीत."

मी स्टेजच्या पायऱ्या उतरले. स्वप्नाली हळूच म्हणाली, "आई, आता जाऊया ना घरी. बोललात तुम्ही. झालं."

"काय झालं?"

मी जाऊन त्या टेबलामागं बसले.

समोर रांग वळवली गेली. बर्फाच्या टाक्यांमधून डबे काढून देत होते, गार, पाणी निथळणारे. माझ्यासमोर काळं जाड पेन ठेवलेलं. पहिली आली ती विशीतली एक पोरगी, मुखवटा कपाळावर सरकवलेला.

"आजी, सही. आणि फोटो काढू? त्यातल्यासारखं हसा ना."

मी डबा हातात घेतला. ओला होता. अंगठ्याने चाचपला तर स्टिकरचा कोपरा उचललेला लागला. मी नखात तो कोपरा धरला आणि ओढला. भिजलेल्या पाकिटावरचं तिकीट निघावं तसा स्टिकर अख्खा निघून आला. तो मी माझ्या पिशवीत टाकला आणि उघडा, चकचकीत डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

"घे."

"हे काय?"

"बियर तुझी. पैसे दिलेस तू. तोंड माझं, ते मी ठेवून घेतलं."

ती हसली. तिला वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग. दुसरा आला, त्याचाही सोलला. तिसऱ्याचा सोलला. चौथ्याने दोन डबे पुढं केले, दोन्ही सोलले. रांगेत कुजबुज सुरू झाली. फोटो काढणारे फोन खाली यायला लागले, कारण फोटो काढण्यासारखं काही उरत नव्हतं. नुसता पत्र्याचा डबा आणि एक म्हातारी, जी हसत नाही.

पाचवा चाळिशीचा, टोपी घातलेला. त्याने माझा हात झटकला.

"ओ, सही मागितलीय, फाडायला नाही सांगितलं! पहाटे पाचपासून उभा आहे मी."

"मग प्या की. थंड आहे."

"मला प्यायची नाहीये!" तो ओरडला. "मी पीतच नाही बियर. माझ्याकडं कपाटभर डबे आहेत, एकही फोडलेला नाही. स्टिकर पाहिजे मला."

"स्टिकर पाहिजे तर माझ्याकडं यायचं होतं, मोरखिंडीला. मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायचं तर होतं."

त्याने डबा छातीशी धरला आणि रांगेतून बाहेर पळाला. त्याच्यामागं अजून दहा-बारा पळाले, आपापला डबा सांभाळत. मी कुणाच्या मागं धावले नाही. जो टेबलापाशी येईल त्याचा सोलत होते.

निनाद आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"आजी, प्लीज थांबा. स्टिकर नसलेला डबा विकताच येत नाही आम्हाला. कायदा आहे. वर सर बघतायत." त्याने गोदामाच्या माडीकडं मान केली. तिथं काचेआड कुणीतरी उभं होतं. "हे माझं पहिलं मोठं काम आहे. हसरी आजी ही माझी कल्पना. मला काढून टाकतील."

त्याचा आवाज खरा होता. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. मी हातातला डबा सोलायची थांबले नाही.

"माझं काय वाकडं नाही रे तुझ्याशी," मी म्हटलं. "तोंडाचं एक वेळ मी सोडून दिलं असतं. गावात हसले असते चार दिवस. पण हा हात बघ."

"कुठला हात?"

मी एक स्टिकर टेबलावर पसरला. "हा. पेला धरलेला. हा माझा वाटतो तुला? माझा उजवा हात इथं खाली आहे, पदर धरून. हा हात डावीकडून आलाय, माझ्या मानेवरून. यावर गोंदण आहे. माझ्या हातावर आहे का? बघ."

त्याने बघितलं. माझ्या हातावर गोंदण नाही.

"ही हौसाक्का. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून हिचं घर. हिचा संपत एकुलता एक. विलासच्या दुकानापुढं प्यायला आणि तिथंच ओढ्यात तोंड घालून मेला. हिने त्याला बाहेर ओढला तेव्हा तो थंड झालेला. त्याच्यानंतर चार वर्षं ही बाई कुणाशी मोठ्याने बोलली नाही. पुरुषांसमोर तर आधीही नव्हती. मी मतं मागत फिरायची तेव्हा ही माझ्यामागं चालायची, मुकी. निकाल लागला त्या दिवशी शाळेच्या पटांगणात आम्ही सगळ्या उभ्या. साहेबाने सांगितलं, आडवी बाटली जिंकली, दुकान बंद. सगळ्या गप्प. काय करायचं कळेना कुणाला. तेवढ्यात ही हौसाक्का, सगळ्या गावासमोर, पार भसाड्या आवाजात ओरडली, विलास, आता म्हशी पाळ आन् दूध वीक! आणि माझ्या गळ्यात हात टाकून हसायला लागली. तिला हसताना बघून मी हसले. तेव्हा साताऱ्याच्या एका फोटोग्राफरने हा फोटो काढला. पेपरात आला तेव्हा आम्ही दोघी होतो. तुम्ही तिला कापून टाकलं, हात तेवढा ठेवला आणि त्या हातात हे दिलं."

मी माईकवर बोलत नव्हते. टेबलाजवळच्या दहा-पंधरा लोकांनाच ऐकू गेलं असेल. निनादच्या मागं ती फोनवाली पोरगी आली होती आणि तिने फोन वर केला होता. निनादने तिच्याकडं न बघताच हात लांब करून तो फोन खाली दाबला.

"त्या आहेत का?" त्याने विचारलं. "हौसाक्का."

"दोन वर्षांनी गेली. हसतच होती नंतर मात्र. माणसं विचारायची, म्हातारीला झालंय काय."

माझ्या शेजारून टर्र असा आवाज आला. बघते तर स्वप्नाली. खुर्ची ओढून बसली होती आणि टेबलावर आलेल्या डब्यांचे स्टिकर सोलत होती. चार सोलले त्यातले दोन फाटले. रांगेत तिच्या बिल्डिंगमधली दोघं-तिघं उभी होती. त्यातल्या एकीने विचारलं, "अगं स्वप्नाली, तू?"

"माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली. एवढंच, पण मोठ्याने.

मग पहिली आलेली ती मुखवट्यावाली पोरगी परत आली. तिच्याजवळ मैत्रिणीसाठी घेतलेला अजून एक डबा होता. तिने तो स्वतःच सोलला, स्टिकर माझ्यापुढं ठेवला, कपाळावरचा मुखवटा काढून त्यावर ठेवला आणि गेली. काही जणांनी तसंच केलं. सगळ्यांनी केलं असं नाही. पुष्कळ जण काढता पाय घेत होते, काही शिव्या घालत होते, एकाने निनादला पैसे परत मागितले.

माडीवरून एक गुबगुबीत माणूस उतरून आला आणि मोठ्याने म्हणाला, "निनाद, या बाईंना उठव."

निनाद उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला धरतोय. मी टेबलाची कड पकडून ठेवली.

"काउंटर बंद करा," तो डबे देणाऱ्या पोरांना म्हणाला. "उरलेले आत न्या."

"काय बोलतोयस तू?"

"सर, त्यांना उठवायचं तर तुम्ही उठवा. इतके फोन आहेत इथं. मी नाही हात लावणार."

त्या माणसाने आजूबाजूला पाहिलं. फोन होते खरेच. तो मला काही बोलला नाही, निनादला काय बोलला ते इंग्रजीत होतं. पण पोरांनी टाक्या ओढत आत नेल्या.

आम्ही रिक्षात बसलो तेव्हा स्वप्नालीच्या नखांत डिंक अडकला होता. धायरी येईपर्यंत ती तो काढत होती. उतरताना म्हणाली, "आई, माझे दोन फाटले."

"फाटू दे," मी म्हटलं.

आता लोक विचारतात, पुढं काय झालं? पुढं जे झालं ते सरळसोट नाही. खडीसाखरवाल्यांनी हसरी आजी बंद केली. माझी माफी मागून नव्हे. महिन्याभराने त्यांनी डब्यावर हसणारी म्हैस लावली आणि तीही, म्हणे, रांग लावून संपली. मी सोललेले डबे लोकांनी फोनवर विकायला काढले, आजींनी स्वतःच्या हाताने सोललेला, दुर्मिळ, असं लिहून. टोपीवाल्याच्या डब्यापेक्षा त्यांना जास्त भाव आला. उमेशला त्याचा फार राग यायचा. मला नाही आला. विकेनात का. त्यावर आता हौसाक्काचा हात नव्हता.

पुढच्या ग्रामसभेत मी उठून उभी राहिले आणि पुण्यात काय केलं ते सांगितलं. पुराव्यासाठी काही दाखवलं नाही. विलास म्हणाला, "कशावरनं?" मी म्हटलं, "माझ्या शब्दावरनं. नसेल पटत तर माझ्या बाजूनं हात वर करू नका." थोड्या फरकाने का होईना, ठराव नामंजूर झाला. मग विलासने खिंडीपलीकडं, शेजारच्या गावच्या हद्दीत परमिट रूम काढली. तिथं कुणी विरोध केला नाही. आमची माणसं खिंड चढून तिकडं जातात. लोक म्हणतात, मग बाई, उपयोग काय झाला तुमचा? मी म्हणते, चढू देत की खिंड. दुकान ओढ्याकाठी होतं तेव्हा तेवढेही कष्ट नव्हते. आणि त्या गावच्या बायका दोनदा माझ्याकडं येऊन गेल्यात, मतदान कसं मागायचं ते विचारायला.

निनादची नोकरी गेली. ते मला त्यानेच सांगितलं, सात-आठ महिन्यांनी, फोन करून.

"आजी, ओळखलंत का? निनाद."

"ओळखलं. कुठं आहेस आता?"

"दुसऱ्या कंपनीत लागलोय. नाचणीच्या शेवया करतात. बियर नाही, आजी, शेवया. खरंच चांगल्या आहेत, मी खाल्ल्यात." मग त्याने घसा साफ केला. "मी विचारायला फोन केलाय. पाकिटावर तुमचा फोटो लावला तर चालेल का? नवीन काढू. नाव घालू. पैसे देऊ, कागद करू. तुम्ही म्हणाल तसं."

"नाही," मी म्हटलं.

"आजी, नीट विचार करा. शेवयाच आहेत."

"नाही रे बाबा. शेवया असू देत नाहीतर पंचामृत. माझं तोंड माझ्याचकडं राहू दे."

तो म्हणाला, "बरं."

"पण विचारलंस ते बरं केलंस. कधी इकडं आलास तर जेवायला ये."

तो आला. पावट्याची आमटी आणि भाकरी जेवला, शेवयांची चार पाकिटं ठेवली. चपला घालता घालता मागं वळून त्याने परत एकदा विचारलं. मी परत नाही म्हटलं.